वाचकांचे प्रश्न : जरीच्या मोराला आवाज

प्रश्न : येवल्याचे एक पैठणी विणकर, एक ध्वनिकलाकार आणि प्रोग्रॅमिंग करणारी मी, असे तिघे मिळून भिंतीवर टांगायचा पट करतोय. ज्या मोराला हात लागेल त्याचा आवाज यावा, ही कल्पना. पण पदराच्या नमुन्यावर कुठेही हात लावला तरी सगळे आवाज एकदमच येतात. चूक कुठे आहे?

उत्तर : तुमच्या प्रोग्रॅमपेक्षा आधी पदराकडे बघा. पैठणीच्या पदराची जमीन (नक्षीमागचं सपाट कापड) जरीची आणि मोर रेशमी असतात. म्हणजे वीज वाहते ती अख्ख्या जमिनीतून, मोर मात्र कोरडे. नक्षी उलटी करा : जमीन रेशमाची, मोर जरीचे. दोन मोरांमध्ये आणि मोर व जरीकाठ यांच्यामध्ये निदान 2 सेंमी निखळ रेशीम सोडा. एवढं केलं की पैठणीची वीणच तुमचं काम करते. प्रत्येक भागाची कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) वेगळी असते आणि ती नक्षीच्या हद्दीवरून मागे फिरते, त्यामुळे एका मोराची जरी दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. ब्रोकेडच्या (जादा धाग्याने नक्षी उठवलेल्या कापडाच्या) अनेक प्रकारांत तसं नाही. तिथे जरी मागच्या बाजूने बुट्टीकडून बुट्टीकडे मोकळी धावते आणि ते धागे कापावे लागतात.

जरी विकत घेण्याआधी मल्टीमीटर (वीज वाहते का आणि किती अडते ते दाखवणारं यंत्र) लावून बघा. चांदीची किंवा तांब्यावर चांदी चढवलेली जरी चालते. प्लॅस्टिकची जरी चकाकते छान, पण तिच्यावर पारदर्शक लेपाचा थर असतो, म्हणून मीटर हलत नाही. 30 सेंमी तुकड्याचा रोध काही किलोओहम आला तरी स्पर्शासाठी पुरे. त्याच धाग्यावर दिवे लावायचा मोह मात्र टाळा. (1997 मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी सर्किटसाठी धातूची पन्नी गुंडाळलेलं रेशमी ऑर्गेन्झा वापरलं होतं. जरीच म्हणायची ती!)

मोर विणून झाला की जरीचं टोक कापू नका. मागे 10 सेंमी शेपूट ठेवायला विणकरांना आधीच सांगा. ते टिचबटणाच्या छिद्रांतून सहा-सात वेळा घट्ट ओवा. बटणाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला वायर सोल्डर करा, पण तो कापडाला लावण्यापूर्वी. जरीवर थेट सोल्डरिंग केलं तर आतला रेशमाचा किंवा सुताचा धागा करपतो आणि वरची पन्नी तुटते. शिवाय टिचबटणामुळे धुलाईआधी सगळं इलेक्ट्रॉनिक्स काढून ठेवता येतं.

प्रश्न : घरी सगळं ठीक चालतं, प्रदर्शनात मात्र पट आपोआप वाजतो. ईएसपी32 (स्पर्श ओळखू शकणारी छोटी कंट्रोलर चिप) वापरलं आहे.

उत्तर : पहिला संशय चार्जरवर. दोन पिनांच्या स्वस्त चार्जरला अर्थिंग नसतं, त्याचा विजेचा गोंगाट थेट स्पर्शाच्या आकड्यांत (स्पर्श ओळखायला चिप जे मोजते त्यात) उतरतो. पॉवर बँकेवर लावून बघा. मात्र वीज फार कमी खेचली गेली तर काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात.

दुसरं कारण हवा. पावसाळ्यात रेशीम दमट झालं की मूळ आकडाच सरकतो, म्हणून उंबरठा (ज्या आकड्यापलीकडे स्पर्श धरायचा तो) प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहून टाकू नका. सुरू होताना 100 वाचनांची सरासरी घ्या, आकडा तिच्या 75 टक्क्यांखाली सलग तीन वेळा गेला तरच स्पर्श धरा, आणि कुणी हात लावलेला नसताना ती सरासरी हळूहळू सरकू द्या. मूळ ईएसपी32 वर स्पर्शाने आकडा घटतो, त्याच्याच एस2 आणि एस3 या नंतरच्या चिपवर वाढतो. चिप बदलली तर अट उलटी करायला विसरू नका.

स्पर्शाच्या पिना दहा असल्या तरी 0, 2, 12 आणि 15 या बोर्ड सुरू होतानाच्या कामात गुंतलेल्या असतात. 4, 13, 14, 27, 32, 33 या सहा बिनधोक, म्हणजे एका बोर्डावर सहाच मोर. वायरी 30 सेंमीपेक्षा लांब नेऊ नका आणि एकत्र पिळू नका, नाहीतर शेजारचा मोर वाजतो.

प्रश्न : विणकरांचं नाव कुठे द्यायचं? मजुरी कशी धरायची?

उत्तर : तिघांची नावं एका ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात. फसलेल्या नमुन्यांचे दिवसही मजुरीत धरा. पहिले दोन-तीन नमुने हमखास फसतात. म्हणून सुरुवात 15 सेंमीच्या पट्टीवर एकाच मोराने करा आणि ती मागावर असतानाच मीटर लावून घ्या. कापड उतरल्यावर तुटलेली जरी पुन्हा विणता येत नाही.