वेबआरटीसीमध्ये लोकल आणि रिमोट आकडेवारी एकत्र कशी साठवावी?

आपण विचारले आहे की, वेबआरटीसीवर (ब्राउझरमधून थेट ऑडिओ-व्हिडिओ पाठवण्याचे तंत्र) व्हिडिओ कॉल चालू असताना गेटस्टॅट्स या आकडेवारी देणाऱ्या फंक्शनमधून लोकल आणि रिमोट नोंदी एकाच अहवालात मिसळून येतात, पॅकेट लॉसचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तर डेटाबेसमध्ये त्यांची मांडणी कशी करावी. लोकल आणि रिमोट अशी दोन स्वतंत्र टेबले करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक स्ट्रीम (एका दिशेने जाणारा ऑडिओ किंवा व्हिडिओचा प्रवाह) हे एकक धरावे आणि त्याच्याखाली दोन्ही बाजूंची मोजणी ठेवावी.

जोडी लावताना नावे चकवतात. ‘आउटबाउंड-आरटीपी’ ही आपण पाठवत असलेल्या स्ट्रीमची आपल्याकडची मोजणी असते, तर ‘रिमोट-इनबाउंड-आरटीपी’ म्हणजे त्याच स्ट्रीमबद्दल पलीकडच्याने आरटीसीपीच्या (मीडियाच्या जोडीने चालणाऱ्या नियंत्रण प्रोटोकॉलच्या) रिसीव्हर रिपोर्टमधून कळवलेली माहिती. ‘इनबाउंड-आरटीपी’ची जोडी तशीच ‘रिमोट-आउटबाउंड-आरटीपी’शी लागते. इनबाउंड आणि रिमोट-इनबाउंड यांची तुलना करणे म्हणजे दोन विरुद्ध दिशांच्या स्ट्रीमची तुलना करणे. ते आकडे जुळण्याचे काही कारणच नाही. अहवालात जोडीसाठी रिमोटआयडी आणि लोकलआयडी ही फील्ड्स असतातच, पण कायमची किल्ली म्हणून पीअर कनेक्शन (दोन टोकांमधील जोडणी), दिशा आणि एसएसआरसी (स्ट्रीमचा ओळख क्रमांक) हे तिन्ही एकत्र घ्यावेत. सिमलकास्टमध्ये (एकच व्हिडिओ वेगवेगळ्या दर्जाच्या थरांत एकाच वेळी पाठवणे) प्रत्येक थराचा एसएसआरसी वेगळा असल्यामुळे तेथेही ही किल्ली टिकते.

सर्वाधिक काळजी वेळेच्या बाबतीत घ्यावी लागते. लोकल काउंटर त्या क्षणाचे असतात; रिमोट आकडे मात्र शेवटचा आरटीसीपी रिपोर्ट पोहोचला तेव्हाचे असतात, आणि आपण दर सेकंदाला अहवाल मागवलात तर तोच जुना रिपोर्ट अनेकदा हाती येऊ शकतो. म्हणून दोन्ही बाजूंचे टाइमस्टॅम्प वेगवेगळे साठवावेत आणि रिमोट टाइमस्टॅम्प बदललेला नसेल, तर नवी ओळ लिहू नये. फ्रॅक्शनलॉस्ट (हरवलेल्या पॅकेट्सचे प्रमाण) हे मूल्य मागील रिपोर्टपासूनच्या अवधीपुरतेच असते, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा मोजले गेल्यास सरासरी बिघडते. पॅकेट्सलॉस्ट हा मात्र एकूण आकडा आहे, तेव्हा त्यातील फरक काढावा. दुबार आलेल्या पॅकेट्समुळे तो ऋणही होऊ शकतो, म्हणून कॉलम ऋण संख्या स्वीकारणारा असावा.

रिमोट-आउटबाउंडमधील रिमोटटाइमस्टॅम्प पलीकडच्या घड्याळाचा असतो. तो आपल्या घड्याळातून वजा करून विलंब काढू नये. राउंडट्रिपटाइम (जाऊन परत येण्यास लागणारा वेळ) मात्र निर्धास्तपणे वापरावा, कारण पलीकडच्याने रिपोर्ट पाठवण्यापूर्वी किती वेळ घेतला हे त्या रिपोर्टमध्येच असते आणि उरलेले गणित आपल्याच घड्याळावर होते. तो सेकंदांत मिळतो, जिटरही (पॅकेट्स येण्याच्या अंतरातील चढ-उतार) सेकंदांतच.

कॉल एसएफयूमार्फत (स्ट्रीम पुढे पोहोचवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत) जात असेल, तर ‘रिमोट’ म्हणजे तो सर्व्हर, समोरची व्यक्ती नव्हे. सर्व्हरपर्यंत एकही पॅकेट हरवले नाही, तरी पुढच्या टप्प्यात चित्र तुटू शकते. म्हणून प्रत्येक नोंदीत मोजणी कोणी केली याचा कॉलम ठेवावा, आणि समोरच्या व्यक्तीला प्रत्यक्ष काय मिळाले हे जाणण्यासाठी तिच्या ब्राउझरमधील इनबाउंड आकडे आपल्या ॲपनेच सर्व्हरकडे पाठवावेत.