गोव्यातल्या आमच्या रॉक बँडचं घरी रेकॉर्ड केलेलं गाणं गढूळ येतंय, मास्टरिंगने सुधारेल का?
नाही सुधारणार. मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवरून फिरवलेला शेवटचा हात. गढूळपणा मिक्समध्येच, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं एकत्र जुळवतानाच, काढावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो गिटारींच्या खर्जात असतो. एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा तो खर्ज बेस आणि किक ड्रमच्या जागेत घुसतो. हाय-पास फिल्टर लावून गिटारींचं साधारण ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचं कापा. मग २०० ते ४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करून बघा. एकटी गिटार पातळ वाटेल, पण सगळा बँड चालू ठेवूनच ठरवा.

फोंड्याला एका कौलारू घरात आम्ही जुलैत ड्रम रेकॉर्ड केले होते. ड्रमच्या वर लावलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये झांजांइतकाच पाऊस आला, तो नंतर कशानेच निघाला नाही. म्हणून ड्रम आणि गायन पावसाआधी उरका. गिटार, बेस थेट इंटरफेसमध्ये (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीत) घालून केव्हाही होतात. तारा मात्र नव्या घाला, आपल्या दमट हवेत त्या लवकर गंजतात.

मास्टरिंगला २४ बिटची वेव्ह फाइल द्या, लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) काढून, सगळ्यात मोठ्या आवाजाच्याही वर ३ ते ६ डेसिबल मोकळे ठेवून. स्पॉटिफाय आवाज उणे १४ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणतंच, त्यामुळे मोठा करण्यासाठी गाणं चेपू नका.