सात, साठ आणि सलाईनचे थेंब : रुग्णसेवेवर वाचकांचे प्रश्न

डॉक्टरांनी लिहिलेला आकडा रुग्णाच्या अंगात जाईपर्यंत कुठे कुठे बदलतो, याभोवतीच या वेळची बरीच पत्रं फिरतात. म्हणून सुरुवात सलाईनपासून.

मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला आहे. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, तर मेडिकल वॉर्डातल्या सिस्टर मिनिटाला ४२ थेंब म्हणतात आणि सर्जिकलमध्ये ३१ सांगतात. खरं कोणाचं?
– विद्यार्थिनी, सातारा

दोघीही बरोबर असू शकतात. दोन वॉर्डांत आयव्ही सेट, म्हणजे बाटलीपासून शिरेपर्यंतची नळी, वेगळे असतील. एक मिली म्हणजे किती थेंब, हे सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. आपल्याकडे साधा सेट बहुधा २० थेंबांचा असतो, काही कंपन्यांचे १५ चे येतात, आणि मायक्रो सेट ६० चा. मिलीला त्या आकड्याने गुणायचं आणि एकूण मिनिटांनी भागायचं. ५०० गुणिले २०, भागिले २४० म्हणजे ४१.६, धरा ४२. सेट १५ चा असेल तर ३१.

आता १५ च्या सेटवर कुणी सवयीने ४२ थेंब लावले, तर ४ तासांची बाटली ३ तासांत संपते. तरुण, धडधाकट रुग्णाला बहुधा काही होणार नाही. हृदय किंवा किडनी अधू असलेल्या आजोबांना मात्र तेवढ्यानेही दम लागू शकतो. तेव्हा आकडा पाठ करू नका, पाकीट फोडण्याआधी वाचा.

बाटलीखालचा, थेंब पडतात तो पारदर्शक चेंबर अर्धाच भरा. पूर्ण भरला तर थेंब दिसतच नाहीत. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजा. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून दर तासाला १२५ मिलीची खूण करा, म्हणजे लांबूनही कळतं की सलाईन मागे आहे की पुढे. मार्करने थेट प्लास्टिकवर लिहू नका. एकदा लावलेला वेग तसाच राहत नाही. रुग्णाने कोपर दुमडलं, कूस बदलली, नातेवाइकांनी स्टँड खालीवर केला, की थेंब बदलतात. आणि १०० मिली मागे पडलं म्हणून नळीवरचा वेग कमी-जास्त करणारा रोलर मोकळा सोडून ‘भरून काढायचं’ नसतं. उरलेलं किती वेळात द्यायचं ते डॉक्टरांना विचारून हिशेब नव्याने मांडायचा.

जाता येता हातही बघा. सुईजवळ सूज आली आणि कातडी थंड, ताणलेली लागली, तर सलाईन शिरेबाहेर जातंय. लाल, गरम आणि दुखरं असेल तर शीर सुजली आहे. दोन्ही वेळा ती सुई काढायची आणि दुसरी जागा बघायची.

आईला सकाळी २० युनिट इन्सुलिन सांगितलंय. केमिस्टने बाटलीसोबत नारंगी टोपणाची सिरिंज दिली. शेजारच्या काकांकडे लाल टोपणाची आहे. रंगाने फरक पडतो का?
– वाचक, जळगाव

फार पडतो. लाल टोपण म्हणजे ४० ची सिरिंज, नारंगी म्हणजे १०० ची. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या ४० च्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट; इन्सुलिन पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिज १०० च्या. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा.

तुमची बाटली ४० ची असेल आणि नारंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं, तर आईच्या अंगात २० ऐवजी ८ युनिट जातील आणि साखर चढत राहील. उलटी चूक जास्त वाईट: १०० चं औषध लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. म्हणून पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढू नये. आजच केमिस्टकडे जा आणि बाटली दाखवून सिरिंज बदलून घ्या.

इन्सुलिन दुधाळ असेल तर बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हलकेच घोळवा. खळखळून हलवली की फेस होतो आणि माप चुकतं. आईला घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन हाताशी नसेल तर वाट न बघता साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीच घालू नका, थेट दवाखाना गाठा.

तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नाईटला मी एकटीच स्टाफ असते. डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात आणि सकाळी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणतात. काय करावं?
– स्टाफ नर्स, नाशिक जिल्हा

फोन ठेवण्याआधी ऑर्डर लिहा आणि लिहिलेलं त्यांनाच वाचून दाखवा: रुग्णाचं पूर्ण नाव, औषध, मात्रा, कुठून द्यायचं, किती वेळा. आकडे सुटे करून म्हणा. ‘सात’ आणि ‘साठ’ फोनवर सारखेच ऐकू येतात, ‘आठ’ही त्यातलाच. म्हणून ‘साठ, सहा शून्य’ असं बोला आणि समोरून ‘हो’ आल्यावरच पुढे जा. केसपेपरवर वेळ, ‘फोनवरून, वाचून दाखवलं’ आणि तुमची सही असू द्या. ड्युटीवरच्या मावशींनी किंवा मामांनी फोन ऐकला म्हणून ते साक्षीदार ठरत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर कुणी नर्स असेल तर तिला स्पीकरवर ऐकू द्या. सकाळच्या राउंडला पहिलं काम त्या ऑर्डरखाली डॉक्टरांची सही घ्यायचं. सही घ्यायला लाजू नका, त्यात त्यांचाही बचाव आहे.

लिहिताना ‘युनिट’ पूर्ण लिहा. त्याचं इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. अर्धा मिलिग्रॅम ‘०.५’ असा लिहा, नुसता ‘.५’ नको, आणि ‘५.०’ कधीच नको, टिंब पुसट झालं की ते ५० वाचलं जातं.

वादाचं निम्मं मूळ आपल्या सांगण्यातही असतं. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ एवढ्यावर झोपेतला डॉक्टर काय ठरवणार? असं सांगा: ‘बेड ७, वय ६२, वजन ६० किलो, काल हर्नियाचं ऑपरेशन. बीपी ९०/६०, नाडी ११८, दोन तासांत लघवी २५ मिली. तुम्ही येऊन बघावं.’ मोठ्या माणसाला ताशी किलोमागे अर्धा मिली लघवी तरी हवी. इथे दोन तासांत ६० व्हायला हवी होती. हे ऐकल्यावर झोप उडते.

आणि ऑर्डर धोक्याची वाटली, उदाहरणार्थ पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत ढकलायला सांगितलं, तर द्यायचं नाही. ते नेहमी पातळ करून, सावकाश जातं; थेट दिलं तर हृदय बंद पडतं. पुन्हा विचारा, कारण सांगा, तरी तेच म्हणाले तर मेट्रनना (मुख्य परिचारिकेला) कळवा आणि तसं लिहून ठेवा. ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं’ एवढं म्हणून नर्सची जबाबदारी संपत नाही.

सासूबाई दोन महिने अंथरुणाला खिळून आहेत. माकडहाडावर लाली दिसते. स्पिरिट-पावडरने चोळा, खाली हवेची रिंग ठेवा, असं सगळे सांगतात.
– वाचक, वसई

दोन्ही नको. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, आणि लाल जागा चोळली की आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. ही पद्धत पूर्वी नर्सिंगमध्येही शिकवत, म्हणून अजून घराघरांत टिकून आहे. रिंगमुळे कडेवर दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं.

लालीवर बोट काही सेकंद दाबून उचला. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर वेळ हातात आहे. लालच राहिली तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर हे नीट दिसत नाही, तेव्हा आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, ते हाताने बघा.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवा, गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी. सरकवताना ओढू नका. चादरीची घडी खाली घालून दोघांनी उचला. डोक्याकडची बाजू जेवणापुरतीच उंच करा, एरवी शरीर खाली घसरून माकडहाडाची कातडी ओढली जाते. एअर बेड घेतला तरी कूस बदलणं सुटत नाही. कातडी फुटली, काळी पडली किंवा वास यायला लागला तर हळद, पेरॉक्साइड काही न घालता डॉक्टरांना दाखवा.

चार्टवर चुकीची नोंद झाली तर व्हाइटनर चालतो का?
– विद्यार्थी, लातूर

नाही. खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख, वेळ. औषध देण्याआधी ‘दिलं’ अशी टिक करण्याची सवयही आत्ताच मोडा. रुग्णाला मधेच उलटी झाली किंवा त्याने गोळी नाकारली, तर चार्ट खोटा ठरतो. नाकारलं असेल तर कारण लिहा आणि डॉक्टरांना कळवल्याची वेळही.