चार मुलं गेली कुठे?

"मॅडम, हिला गणित झेपत नाहीये. विषय बदलू का?" मेलबर्नहून एका बाबांचा फोन होता. मुलगी बारावीला, व्हिक्टोरिया राज्याच्या अभ्यासक्रमातलं जनरल मॅथेमॅटिक्स घेतलेलं (२०२२ पर्यंत याच विषयाला फर्दर मॅथेमॅटिक्स म्हणायचे). गाडी ट्रान्झिशन मॅट्रिक्सपाशी (आज इथे असलेले उद्या कुठे जातील, हे सांगणारं आकड्यांचं कोष्टक) अडली होती. बाबा पुण्यात शिकलेले इंजिनियर. रोज रात्री जेवणं झाली की स्वतः शिकवायला बसायचे, आणि रोज रात्री रडारड व्हायची.

विषय बदलायचं नंतर बघू, आधी दोघांनी मिळून व्हिडिओवर या, असं मी सांगितलं.

तिने कॅमेऱ्यासमोर वही धरली. खोडून खोडून कागद विरला होता. उदाहरण साधं होतं. शाळेतली २०० मुलं. सोमवारी १२० कॅन्टीनमध्ये जेवली, ८० जणांनी डबा आणला. आज कॅन्टीनमध्ये जेवलेल्यांपैकी ७० टक्के उद्याही तिथेच जेवतात, ३० टक्के डबा आणतात. डबेवाल्यांपैकी २० टक्के कॅन्टीनकडे वळतात, ८० टक्के डब्यावरच राहतात. मंगळवारी काय होईल?

मॅट्रिक्स तिने अगदी बरोबर मांडला होता. वरच्या ओळीत ०.७ आणि ०.२, खालच्या ओळीत ०.३ आणि ०.८. पण १२० आणि ८० हे आकडे खोडून बाबांनी पेन्सिलीने आडवे लिहिले होते, आणि मॅट्रिक्सच्या डावीकडे. उत्तर आलं १०८ आणि ८८.

मी म्हटलं, "बेरीज कर."

"१९६."

"मग चार मुलं गेली कुठे?"

ती पहिल्यांदाच हसली. बाबा मात्र गप्प झाले.

स्टेट मॅट्रिक्स म्हणजे त्या दिवसाची हजेरी, एवढंच मी तिला सांगितलं. कोण कुठे आहे, किती जण आहेत. त्यात टक्के घुसवायचे नाहीत. कोण कुठून कुठे जातं ते ट्रान्झिशन मॅट्रिक्स सांगतो. सोमवारची हजेरी ही एस-शून्य. नियम एकदा लावला की मंगळवार, म्हणजे एस-एक. दोनदा लावला की बुधवार. मुलं बहुतेक इथेच एका दिवसाने चुकतात, म्हणून मी प्रत्येक हजेरीवर वार लिहायला लावते.

राहिला प्रश्न उभ्या-आडव्याचा. तिच्या अभ्यासक्रमात "कुठून" हे वर लिहितात, "कुठे" हे बाजूला. त्यामुळे उभ्या स्तंभाची बेरीज १ येते, हजेरी उभी लिहितात आणि ती मॅट्रिक्सच्या उजवीकडे बसते. बाबा शिकले त्या पुस्तकांत "कुठून" डावीकडे असतं, आडव्या ओळीची बेरीज १ येते आणि हजेरी आडवी, डावीकडे. दोन्ही रीती बरोबर आहेत. मॅट्रिक्स एका रीतीचा आणि हजेरी दुसऱ्या रीतीची घेतली की मुलं हरवतात.

तिने उभं मांडून पुन्हा केलं. १२० चे ७० टक्के ८४, ८० चे २० टक्के १६, म्हणजे कॅन्टीनमध्ये १००. डब्याची ३६ आणि ६४, तीही १००. एकूण २००. मग न सांगताच पुढे गेली: बुधवारी ९० आणि ११०, गुरुवारी ८५ आणि ११५. शुक्रवारी ८२.५ आल्यावर थबकली. "काकू, अर्धं मूल?" हा आकडा अंदाजाचा आहे, पुढच्या पायरीला तो तसाच वापरायचा, पूर्णांक शेवटी करायचा, असं सांगितलं. आकडे हळूहळू ८० आणि १२० वर स्थिरावतात, हे तिने कॅल्क्युलेटरवर स्वतः शोधलं.

बाबांना नंतर वेगळा फोन केला. त्यांना फार लागलं होतं. "महिनाभर मी तिचं बरोबर असलेलं खोडत होतो," म्हणाले. तुम्ही रोज तिच्याशेजारी बसत होतात, ते सोडू नका, असं मी त्यांना सांगितलं. एकच बदल सुचवला.

आता ते पेन्सिल हातात घेण्याआधी विचारतात, "तुझं 'कुठून' वर आहे की डावीकडे?"