वीस-बावीस वर्षं जुनी, ताकदीची स्पोर्ट्स कार घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: शाळेत असल्यापासून डोक्यात बसलेली स्पोर्ट्स कार आता वीस-बावीस वर्षांची झाली आहे, एखाद्या नव्या साध्या गाडीच्या किमतीत मिळते आहे, तर घ्यावी का? आणि घेतली तर सुख किती, ताप किती?

माझ्याकडे अशी एक गाडी गेली नऊ वर्षं आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यातली, दोन दारांची, सहा सिलिंडरची, हाताने गिअर टाकायची, ताकद मागच्या चाकांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की सगळं बोलणं त्या नावाभोवतीच फिरतं, आणि मला जे सांगायचंय ते या वयाच्या जवळपास सगळ्याच वेगवान गाड्यांना लागू पडतं.

माझं उत्तर: घ्या, पण नेमाने चालवणार असाल तरच. या गाड्या पळून जेवढ्या झिजतात त्याहून जास्त उभ्या राहून बिघडतात, आणि हे मला पैसे मोजून कळलं. घेताना मी तीन गाड्या पाहिल्या होत्या. एक दीड लाख किलोमीटर झालेली, सोबत पावत्यांची जाडजूड फाईल. दुसरी ठीकठाक. आणि तिसरी फक्त एकतीस हजार झालेली, आतून नव्यासारखी, सीटच्या चामड्याला सुरकुती नाही. मी तिसरी घेतली. पहिल्या वर्षभरातच इंजिनची ऑईल सील, म्हणजे तेल आत अडवणारी रबरी कडी, गळायला लागली. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या बोटांनी दाबल्या की करकरायच्या. सस्पेन्शनचे बुश, म्हणजे चाकांच्या सांध्यांतले रबरी तुकडे, हातात चुरा होऊन आले. इंजिनचा कॉम्प्युटर मधूनच चुकीचे इशारे द्यायचा. तो उघडला तेव्हा दिसलं, की आतल्या कपॅसिटरमधून (वीज साठवणारा छोटा भाग) रसायन झिरपून बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा आजार सापडतो.

माझे मेकॅनिक साठी उलटलेले आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी काढलेलं सगळं रबर टेबलावर मांडलं आणि म्हणाले, "ही गाडी आधीच्या मालकाने पळवली असती ना, तर तुमचा निम्मा खर्च वाचला असता." दीड लाखवालीच्या फाईलमध्ये हीच सगळी कामं पाच वर्षांपूर्वी झाल्याच्या पावत्या होत्या. मी त्या वरवर चाळून बाजूला ठेवल्या होत्या.

यामागचं कारण साधं आहे. इंजिन चालू राहिलं की सील तेलाने ओली राहतात, मऊ राहतात. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. गाडी पुरेशी तापली की ते वाफ होऊन निघून जातं, नाहीतर तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठून आतून गंज धरतो. कूलंटचा काटा काही मिनिटांत मधोमध येतो, पण तेल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा घराबाहेर उभी करून दहा मिनिटं नुसती चालू ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. बाहेर काढली की निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर राहू द्या.

दुसरी गोष्ट खर्चाची, आणि इथे बहुतेकांचं गणित चुकतं. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगावरून थांबण्यासाठी केलेली ब्रेकची डिस्क गाडी स्वस्त झाली म्हणून लहान होत नाही. सांभाळण्याचा खर्च कायम ती नवी असतानाच्या किमतीच्या मापाने येतो. त्यामुळे हातात असलेले सगळे पैसे खरेदीत घालू नका. माझ्या मते पाव हिस्सा तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला हवा, आणि तो खर्च होणार हे धरूनच चाला. शिवाय रोज कामावर जायला दुसरं वाहन हवंच. एखाद्या पार्टसाठी महिनाभर थांबायची वेळ आली तर ते शांतपणे थांबता आलं पाहिजे, नाहीतर घाईत चुकीचा पार्ट बसवला जातो. काही कंपन्या आता जुन्या मॉडेलचे पार्ट पुन्हा बनवतात. निसानने २०१७ मध्ये आर३२ स्कायलाईन जीटी-आरपासून सुरुवात केली, टोयोटाही जुन्या सुप्राचे काही पार्ट पुन्हा देते. पण डॅशबोर्डवरचं एखादं फुटकं बटण किंवा दाराची रबरी पट्टी मिळवायला इंजिनच्या पार्टपेक्षा जास्त वणवण होते.

प्रत्येक मॉडेलचा एक ठरलेला आजार असतो. तो गाडी बघायला जायच्या आधी तोंडपाठ हवा. फेरारी एफ३५५ घ्या: १९९४ ते १९९९, साडेतीन लिटरचं व्ही८, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. त्या इंजिनाचा आवाज ऐकून माणूस वेडा होतो, पण टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा, बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. आणि तो बेल्ट किलोमीटर झाले नाहीत तरी ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, कारण तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

पोर्शे ९११ मध्ये १९९८च्या सुमारास हवेने थंड होणारं इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारं आलं. त्या ९९६ पिढीच्या साध्या मॉडेलांमध्ये आणि त्याच काळातल्या बॉक्सस्टरमध्ये मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग आहे. सगळ्यांचंच जातं असं नाही, पण गेलं तर इंजिन सोबत घेऊन जातं. ते क्लचच्या मागे, गिअरबॉक्सच्या पलीकडे बसतं. म्हणून क्लचचं काम निघालं की त्याच वेळी ते बदलून घेतात. २००६ नंतर मोठं बेअरिंग आलं. ते कमी बिघडतं, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय बाहेर निघत नाही. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ला मागचा सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांचा भार घेणारा सांगाडा, जिथे बसतो तिथल्या पत्र्याला चिरा जातात. गाडी वर उचलून, टॉर्च मारून बघायचं. माझदाच्या आरएक्स-७चं रोटरी इंजिन तर स्वतःच्या सीलना वंगण मिळावं म्हणून मुद्दाम थोडं तेल जाळतं. पेट्रोल भरताना दरवेळी तेल बघायची सवय नसलेल्या मालकाची आरएक्स-७ घेऊ नये.

हे सगळं वाचून तुमचा उत्साह ओसरला असेल तर थांबा, कारण ज्यासाठी हे करायचं ते अजून सांगितलंच नाही.

पहाटे मी बॉनेट उघडतो, डिपस्टिक पुसून तेल बघतो, वाकून खाली जमिनीवर थेंब आहे का ते बघतो. मग आत बसतो. सीट खूप खाली आहे, पाय जवळजवळ सरळ पुढे जातात. किल्ली फिरवली की क्षणभर नुसता स्टार्टर ऐकू येतो, मग सहा सिलिंडर एकदम जागे होतात आणि ती थरथर पाठीत जाणवते. पहिली पंधरा-वीस मिनिटं मी तीन हजार आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या, वर जात नाही. ई४६ एम३च्या टॅकोमीटरवर, म्हणजे हे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर, तर वरच्या आकड्यांपाशी नारिंगी दिवे लागतात आणि तेल तापत जाईल तसे एकेक विझतात. किती सुंदर कल्पना आहे ही! माझ्या गाडीत ते दिवे नाहीत, तेलाच्या तापमानाचा काटा आहे. तो मधोमध आला की रस्ता मोकळा बघून दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबतो. चार हजारांपर्यंत इंजिन सभ्य असतं. पाच हजारांना आवाज जाड होतो, साडेसहाला सगळी गाडी एका सुरात गाते, आणि त्या वेळी स्पीडोमीटरवरचा वेग मात्र कायद्यातच असतो.

हे नव्या ताकदवान गाडीत मिळत नाही. २०२४ची बीएमडब्ल्यू एम५ चोवीसशे किलोंच्या वर आहे. पहिली लोटस एलिस, १९९६ची, सव्वासातशे किलोंच्या आसपास होती. नव्या गाडीत मजा यायला लागते तोवर परवाना जायची वेळ आलेली असते. १९९९ची होंडा एस२००० बघा: दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, आणि लाल रेष, म्हणजे फेऱ्यांची मर्यादा, ९,००० आरपीएमवर. सहा हजारांच्या सुमारास कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, बदलतो तेव्हा जणू दुसरंच इंजिन सुरू होतं. ती ताकद आयती मिळत नाही, योग्य गिअर शोधून काढून घ्यावी लागते. योग्य क्षणी, धक्का न देता गिअर उतरवणं मला नीट जमायला दोन वर्षं लागली, आणि आजही ते जमलं की आनंद होतो.

स्टिअरिंगबद्दल तर मी तासभर बोलू शकेन. जुन्या गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग असायचं, काहींत तेही नसायचं. ९११ने २०११च्या पिढीत विजेवर चालणारं घेतलं, बाकीच्यांचंही तसंच झालं. पेट्रोल वाचतं, पण रस्ता हातापासून लांब गेला. माझ्या गाडीत डांबर खरखरीत झालं की तळहाताला कळतं. पुढची चाकं पकड सोडायला लागली की स्टिअरिंग आधी हलकं पडतं, म्हणजे गाडी सावध करते.

ते सावध करणं ऐकावंच लागतं, कारण मागे कोणी सांभाळून घेणारं नसतं. ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, पहिल्यांदा १९९५ मध्ये मर्सिडीझमध्ये आलं आणि सगळीकडे पोचायला खूप वर्षं लागली. माझ्या गाडीत ते नाही. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. मागे इंजिन असलेल्या जुन्या ९११मध्ये तर हे फारच चटकन होतं. घरातल्या नवशिक्या मुलामुलींच्या हातात अशी गाडी देऊ नका, हे मी फार कळकळीने सांगतो. स्वतःसुद्धा पहिले सहा महिने पावसात जपून चालवा, आणि जमलं तर बंद ट्रॅकवर एखाद्या जाणकारासोबत दिवसभर शिका.

आता एक प्रसंग सांगतो. चौथ्या वर्षी एका संध्याकाळी गॅरेजचं दार उघडलं आणि पेट्रोलचा वास आला. फार नाही, अगदी पुसट. गाडी तीन दिवस हलली नव्हती. दिव्याच्या बटणाला हात न लावता दार सताड उघडं ठेवलं, बराच वेळ थांबलो, मग टॉर्च घेऊन वाकलो. इंजिनकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर बोट फिरवलं तर ओलं लागलं, आणि रबरावर केसासारख्या बारीक चिरा. त्या नळीच्या खालून एक्झॉस्टचा पाईप जातो. त्या रात्री तशीच चालू करून निघालो असतो तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुनं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, कडक होतं, चिरतं. गाडी घेतल्या घेतल्या, चांगली दिसत असली तरी, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्या. मालकाने नुकत्याच बदलल्याचं सांगितलं तर पावती मागा.

टायरचंही तसंच. नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, समजा २३१२ असेल तर २०१२ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचं टायर नक्षी भरपूर असली तरी लाकडासारखं असतं, आणि ओल्या रस्त्यावर त्याला पकड नसते. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं तेल २३० अंशांच्या आत उकळायला नको असा दंडक आहे, पाणी शोषलेल्यासाठी तोच १५५वर येतो. उतारावर सारखे ब्रेक दाबले आणि ते उकळलं, तर पेडल सरळ तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला, गाडी किती पळाली ते बघू नका. विमा आधी ठरवून घेतलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर अपघातात जुनी गाडी म्हणून किरकोळ रक्कम हातात येते.

बघायला जाल तेव्हा सोबत त्या मॉडेलवर हात बसलेला मेकॅनिक न्या, त्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं, ते तापल्यावर लपून जातं: चेनचा खडखडाट, निळा धूर, आधी अडखळणं. पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहापाणी करून निघा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.