नागपूरहून इमॅजिकाला जायचंय, टाइमशेअर रिसॉर्ट कोणतं निवडावं?

टाइमशेअर म्हणजे सदस्यत्वाचे पैसे भरून दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क. आधी नकाशा बघा. इमॅजिका हे थीम पार्क खोपोलीजवळ आहे, त्यामुळे रिसॉर्ट लोणावळा किंवा कर्जतकडचं हवं. महाबळेश्वरचं घेतलंत तर पोरांचा अर्धा दिवस गाडीतच जाईल. आपल्याकडून विदर्भ एक्स्प्रेसने कल्याणला उतरून पुढे जाता येतं.

खरी मेख सीझनची. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. सुट्टी मिळते ती उन्हाळ्यात नाहीतर दिवाळीत, आणि स्वस्त सदस्यत्वात बहुतेकदा नेमके हेच आठवडे नसतात. हे सही करण्याआधी करारात वाचाच! शिवाय गेलात न गेलात, देखभाल शुल्क दरवर्षी भरावं लागतं. एकाच सहलीसाठी सदस्यत्व घेऊ नका. नातेवाइकांपैकी कुणाचं असेल तर त्यांच्या नावावर पाहुणे म्हणून खोली मिळते का, ते विचारा. आजी-आजोबा सोबत असतील तर स्वयंपाकाची सोय असलेली खोली मागा.