महापेच्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर आज सकाळी ठेवलेली फाइल, फाइली शोधणाऱ्या ‘लोकेट’ या कमांडला सापडत नाही, असं का?

‘लोकेट’ डिस्क बघतच नाही, आधी बनवून ठेवलेली यादी बघतो. म्हणून सकाळची फाइल त्याला दिसत नाही. ही यादी ‘अपडेटडीबी’ बनवतो आणि बहुतेक लिनक्सवर तो दिवसातून एकदाच आपोआप चालतो. ताज्या फाइलसाठी ‘फाइंड’ वापरा. तो प्रत्येक फोल्डर त्याच क्षणी उघडून बघतो, म्हणून हळू, पण भरवशाचा. नाव अर्धवट आठवत असेल तर हायफन-आयनेम हा पर्याय द्या, तो लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतो. नावच आठवत नसेल तर हायफन-एममिनपुढे उणे ६० लिहा, म्हणजे गेल्या तासाभरात बदललेल्या फाइली येतील. न आठवणाऱ्या भागाच्या जागी नावात तारांकन (*) वापरलंत तर सगळं नाव अवतरणात टाका, नाहीतर फाइंडपर्यंत पोचण्याआधीच शेल, म्हणजे तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, त्याचा आपल्या मनाने अर्थ लावून मोकळा होतो. आणि शोध रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, सुरू करू नका, ऑफिसच्या वेळेत तर नकोच.

अ‍ॅडमिनकडून अपडेटडीबी चालवून घेतलं तरी काम होतं; मात्र फाइल टेम्प फोल्डरमध्ये किंवा नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर असेल तर बहुधा नाही, कारण अपडेटडीबीच्या सेटिंगमध्ये या जागा सहसा वगळलेल्याच असतात.